अर्धा वाफा

दिघेबाई गावात राहायला आल्या, त्याला वर्ष होईपर्यंत आमच्या आळीत त्यांच्याशी भांडण न झालेलं एकच घर उरलं होतं, आणि त्या घराला कुलूप होतं.

माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलंच बोलायचं अशी आपल्याकडे रीत आहे. दिघेबाई गेलेल्या नाहीत. त्या ठाण्याला पुतण्याकडे आहेत आणि माझ्या माहितीप्रमाणे ठणठणीत आहेत. तेव्हा ती रीत पाळायचं बंधन माझ्यावर नाही. मला त्यांचा राग होता आणि अजूनही आहे. पूर्वी तो सरळ होता, आता त्याला गाठी पडल्या आहेत, एवढाच फरक.

अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना समुद्राच्या अंगाला आमची आळी आहे. आमच्या घरामागे थोडी नारळ-सुपारी, पलीकडे हिराकाकीचं शेत, आणि दोघांच्या मधोमध दिघ्यांची वाडी. बाईंचे वडील वारल्यापासून ती वाडी गड्याच्या भरवशावर होती, म्हणजे कुणाच्याच नव्हती. बाई मुंबईत कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर मांडव्याच्या बोटीने उतरल्या, दोन ट्रंका आणि एक सूक्ष्मदर्शक घेऊन. तो सूक्ष्मदर्शक त्यांनी टेम्पोवाल्याला हात लावू दिला नाही. मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

बारीक चण, रापलेला चेहरा, डोक्याला पंचा गुंडाळलेला, अंगात भावाचा जुना रेनकोट आणि पायात गमबूट. हा वेष बाराही महिने. मे महिन्यात रेनकोट घालून फिरणारी बाई बघून मुंबईचे पाहुणे गाडी हळू करत, आणि बाई त्यांना हाताने ‘पुढे व्हा’ अशी खूण करत, जणू रस्ता त्यांच्या वडिलांनी बांधला होता.

माझी आणि त्यांची पहिली भेट माझ्या स्कूटरवर झाली. मी अलिबागला एका पतसंस्थेत नोकरीला आहे. सकाळी डबा घेऊन बाहेर आलो तर स्कूटरच्या सीटवर रानमोडीचं एक अख्खं झाड मुळं वर करून ठेवलेलं, आणि मुळांची ओली माती सीटवरून खाली ओघळलेली. बाई शेजारी उभ्या.

“हे तुमच्या कुंपणातलं,” त्या म्हणाल्या. “तुमचं तुमच्याकडे.”

“अहो, पण सीटवर?”

“तुमच्या बिया माझ्या वाडीत येऊन बसतात, ते चालतं. मग तुमचं झाड तुमच्या स्कूटरवर बसलं तर काय बिघडलं?”

झाड उतरवताना चिखलाने भरलेली पँट बदलून मी कामाला गेलो. संध्याकाळी आल्यावर कळलं की तो प्रसाद आळीत घरोघर वाटला गेला होता. कुणाच्या दगडी गडग्यावर, कुणाच्या तुळशीवृंदावनाशेजारी, एकाच्या तर वाळत घातलेल्या सुकटीवर. पुढे हा रोजचा नेम झाला. बाई पहाटे गोणपाट घेऊन निघत. कुंपणातली, बांधावरची रानमोडी, घाणेरी, गाजरगवत उपटत आणि ज्याचं त्याच्या दारात मुळं वर करून ठेवत. मुळं वर का, तर जमिनीला टेकली तर झाड पुन्हा जीव धरतं. आम्हाला वाटे की मुद्दाम अपशकुन करतात. दोन घरांनी तर लिंबू-मिरची बांधली.

रानमोडी आमच्याकडे कुणाला ठाऊक नाही? पावसाळा संपला की माणसाच्या डोक्यापेक्षा उंच होते, थंडीत पांढुरक्या-जांभळ्या फुलांनी लगडते, आणि मग तिचं बी कापसासारखं उडत दहा वाड्यांत जातं. बाहेरच्या देशातून आलेली. पण आमच्या जन्माआधी आली, म्हणून आमच्या लेखी ती इथलीच. बोट कापलं की पाला चुरगळून लावायचा, रक्त थांबतं. एवढा तिचा उपयोग आणि एवढीच तिची ओळख. बाईंच्या लेखी मात्र ती दरोडेखोर होती.

“माणसं वरून भांडतात,” त्या म्हणत, “झाडं खालून भांडतात.” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रानमोडीच्या पानात आणि मुळात असली द्रव्यं असतात की ती दवाने, पाण्याने झिरपून मातीत उतरतात आणि शेजारच्या झाडाचं बी उगवूच देत नाहीत; उगवलं तर त्याच्या मुळाचं टोक करपवतात. घाणेरीही तेच करते, गाजरगवतही तेच. हे सगळं त्या कुणीही न विचारता सांगत, आणि सांगताना ऐकणाऱ्याचा शक्य तेवढा अपमान करत. विशेष म्हणजे अपमान अहो-जाहो करून. “तुम्ही मूर्ख आहात” हे वाक्य इतक्या आदराने मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

फाटकाशेजारच्या गडग्यावर त्यांनी नारळाच्या करवंट्यांची रांग मांडली होती. प्रत्येकीत माती आणि मातीत मेथी किंवा वाल. डावीकडच्या करवंट्यांना साधं पाणी, उजवीकडच्यांना रानमोडीचा पाला भिजत घातलेलं पाणी. डावीकडे हिरवंगार, उजवीकडे चार खुरटे कोंब. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून मुद्दाम रस्त्याच्या बाजूला. पण त्या फाटकाशी थांबायची छाती कुणाची होती? लोक मान खाली घालून झपझप जात. अख्ख्या गावासाठी मांडलेला तो प्रयोग गावाने कधी धड पाहिलाच नाही.

कुणाचं काही चांगलं चाललेलं त्यांना बघवत नसे, असं आमचं मत होतं. राजूच्या पोपटीनंतर तर ते पक्कंच झालं. राजू आमच्या आळीतला होतकरू मुलगा. घराच्या तीन खोल्या रंगवून होम-स्टे काढलेला. वालाच्या शेंगांचा हंगाम आला की मुंबईकरांना पोपटी हवी असते. मडक्यात शेंगा, ओवा, मीठ, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, आणि वर-खाली गच्च भांबुर्डीचा पाला. मग मडकं उपडं घालून भोवती आग. भांबुर्डीचा तो वास म्हणजेच पोपटी. राजूने त्या वर्षी नवा स्वयंपाकी ठेवला होता, कुठला तरी लांबचा. त्याला पाला आणायला पाठवला.

संध्याकाळी पाहुणे खुर्च्या टाकून बसलेले, आग रसरसलेली, आम्ही चारदोन शेजारी मदतीला. बाई रस्त्याने चालल्या होत्या. थांबल्या. नाक वर केलं. सरळ आवारात शिरल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत हातातली काठी मडक्यावर घातली. मडकं फुटलं, शेंगा-अंडी-कोंबडी राखेत गेली.

“बाई!” राजू किंचाळला. “ह्या काय केलात?”

“पाला बघा. भांबुर्डी आहे का ही?”

राजूने पाहिलं. सगळा नव्हता, पण निम्मा पाला रानमोडीचा होता. तरी तो हटला नाही. “वासाला तसाच हाय की! थोडा कडू लागला असता, आजून काय?”

“तुम्ही पैसे घेऊन लोकांना गवत खायला घालता आणि वर मला विचारता?” बाई म्हणाल्या आणि पाहुण्यांकडे वळल्या. “तुम्ही उपाशी झोपा. सकाळपर्यंत मराल असं नाही.”

पाहुण्यांनी रात्री राजूकडे मॅगी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी नेटवर त्याची अब्रू काढली. राजू बाईंच्या फाटकाशी जाऊन ओरडून आला की राखेतली कोंबडी कुत्र्यांनी खाल्ली आणि त्यांना काही झालं नाही. बाई आतून म्हणाल्या, “त्यांनी पाला बाजूला काढला. तुमच्यापेक्षा त्यांना कळतं.” आता सांगा, या बाईची बाजू कोण घेईल? मडकं उघडून पाला बाजूला करता आला असता. पाहुण्यांना आत पाठवून राजूला कानात सांगता आलं असतं. पण कानात सांगणं त्यांच्या गावीच नव्हतं.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. जिथे खोटं बोलून त्यांचा फायदा होता, तिथेही त्या खोटं बोलल्या नाहीत. एक पोरगा मोबाईलवर चॅनल चालवतो. तो आला, रानमोडी कोकणची शेती गिळून टाकणार, असं बाईंच्या तोंडून वदवायला. बाईंना खरं तर हा सोन्यासारखा मोका. पण कॅमेऱ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “करवंटीत जे होतं ते शेतात तेवढंच होईल असं नाही. पाऊस धुऊन नेतो, माती काही धरून ठेवते. कुठे होतं, कुठे होत नाही. ते बघावं लागतं.” पोरगा हिरमुसला. वरच्या आळीचे नानाही तेव्हाच आले होते. त्यांचा हापूस मोहरत नव्हता आणि त्यांनी बांधावरच्या रानमोडीवर संशय घेतला होता. बाई जाऊन झाड बघून आल्या. “रानमोडीने नाही, तुमच्या आळसाने मेलंय हे. खोडाला भोकं पडलीत, दिसत नाहीत?” नानांनी त्यानंतर मरेपर्यंत त्यांच्याशी अबोला धरला.

आता हिराकाकी. ती माझी सख्खी चुलती. काका लवकर गेले, तेव्हापासून तिने एकटीने शेत केलं. पावसाळ्यात भात, भात निघाल्यावर पांढरा कांदा. आमच्या भागातला हा कांदा चपटा, पातळ सालीचा, गोडसर. त्याच्या वेण्या विणून रस्त्यावर टांगलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. पण काकीचा कांदा त्यातही वेगळा. मान बारीक, वेणीत टांगला की पावसाळा ओलांडून जायचा. तिच्या सासूने तिला ते बी हातात दिलं होतं आणि सांगितलं होतं की हे घराबाहेर जाता कामा नये. आमच्याकडे ज्याचं त्याचं बी ज्याच्या त्याच्या घरात. पोरगी द्यायला लोक तयार होतील, बी देणार नाहीत. काकीच्या दोन्ही पोरींना लग्नात सोनं मिळालं, पण बी मिळालं नाही.

कांद्याच्या बियाची खोड अशी, की ते वर्षाच्या आत पेरलं नाही तर मरतं. साठवून ठेवता येत नाही. म्हणून दर हिवाळ्यात दोन कामं बरोबरीने चालतात. गेल्या उन्हाळ्यातलं बी वाफ्यात पेरून रोप करायचं, आणि निवडून टांगलेले कांदे पुन्हा लावून त्यांच्या फुलांच्या गोंड्यांतून पुढचं बी धरायचं. एक हुकलं तर दुसरं हाताशी असतं.

त्या वर्षी परतीचा पाऊस जायचं नाव घेईना. टांगलेले बियाण्याचे कांदे ओल धरून सडले, सगळेच्या सगळे. भाताचा पेंढाही शेतात कुजला. काकीकडे उरलं ते फक्त डब्यातलं बी. तिच्या सासूपासून चालत आलेलं सगळं त्या एका वाफ्यात जाणार होतं. ते उगवलं तर कांदा राहणार, नाहीतर संपलं.

तिने बी पेरलं. वर झाकायला दरवर्षी पेंढा घालतात, ओल राहावी आणि मुंग्यांनी बी नेऊ नये म्हणून. पेंढा नव्हता. काकीने विचार केला आणि बांधावरची रानमोडी तोडून, बारीक करून, वाफ्यावर जाड अंथरली. फुकटचा पाला, ओल धरतो, आणि कडू असल्यामुळे मुंगी फिरकणार नाही. जखमेला चालतो तो पाला बियाला का चालणार नाही? मला विचारलं असतं तर मीही ‘चांगलं केलंस’ म्हणालो असतो.

काकी पाण्याची झारी घेऊन पहिलं पाणी देत होती. रोजावरच्या दोघी बायका बांधावर चहा पीत होत्या. मी तिच्या शेताच्या कुंपणाशी उभा होतो. तेवढ्यात वाडीच्या गडग्यावरून बाईंचा आवाज आला.

“हिराबाई, अक्कल गहाण टाकलीत का? स्वतःच्या हाताने बियावर विष ओतताय! चार बुकं शिकला असतात तर ही वेळ आली नसती. उचला तो पाला आधी!”

काकीला वाचता येत नाही. हे ती कधी कुणाला कळू देत नाही. बँकेत सही करताना सुद्धा चष्मा विसरल्याचं सोंग करते. रोजावरच्या दोघी फिदीफिदी हसल्या. काकीने झारी खाली ठेवली. बांधावर गेली, आणखी एक भारा रानमोडी तोडून आणली आणि आधीच्या थरावर दुसरा थर घातला. मग गडग्याकडे बघून म्हणाली, “झाला समाधान? आता जावा घरात.”

त्या संध्याकाळी बाई माझ्या ओट्यावर आल्या. बसल्या नाहीत. “तुमच्या काकूंना सांगा. रोज पाणी घालतील तसतसं ते खाली उतरेल. सगळं बी जाईल.”

“तुम्ही नीट बोलला असतात तर काकीने ऐकलं असतं,” मी म्हणालो. माझा आवाजही चढला होता. काकीचा चेहरा मी पाहिला होता.

“मी काय भाजी विकायला बसलेय? गोड बोललं म्हणून बी उगवतं का?”

“माणूस ऐकतो, बाई.”

“मग माणसालाच पेरा,” त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मी काकीकडे गेलो, दोनदा गेलो. पहिल्यांदा तिने ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा म्हणाली, “सुभाष, तुला कोणी सांगितला? त्या बाईनं. तिच्या तोंडानं आलेला मी कसा ऐकू? शेतात माझ्या चार बायांसमोर माझी अक्कल काढते. बी गेला तर जाऊ दे. माझा हाय.” पण हे बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, वाफ्याकडे बघत होती.

आजूबाजूच्या शेतांत कांद्याची रोपं उगवली. हिरव्या सुया वर आल्या. काकीचा वाफा जसाच्या तसा. एका सकाळी ती कोपऱ्यातला पाला बाजूला करून मातीत बोटं घालताना मला दिसली. बी फुटलं होतं, पण मुळाची शेपटी आखूड आणि टोकाशी तपकिरी. तिने तो दाणा तळहातावर घेतला आणि उकिडवी बसून नखाने उलटून-पालटून पाहिला. मी हाक मारली तर उठली, पाला पुन्हा होता तसा सारखा केला, आणि माझ्याकडे न बघता घरात गेली. गडग्यापलीकडे बाई उभ्या होत्या. त्यांच्या देखत ती पाला काढणार नव्हती. बी मेलं तरी चालेल, पण त्या बाईला ते बघायला मिळू नये, असं चाललं होतं. मला दोघींचाही संताप आला.

दोन-तीन दिवसांनी काकी रेवदंड्याला भाचीच्या साखरपुड्याला गेली. तिची रिक्षा वळते न वळते, तोच बाई कुंपण मोडून शेतात घुसल्या. मी रजेवर घरीच होतो. जाऊन बघतो तर बाई गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी पाला उचलून बाहेर भिरकावतायत. पाला काढला, मग स्वतःच्या विहिरीवरचा लांब पाइप आणून वाफ्यात पाणी सोडलं. पुन्हा सोडलं. पाणी चर काढून बाहेर घालवलं. मग घमेलं भरून कुटलेला कोळसा आणला, करवंट्यांचा, आणि हाताने मातीवर भुरभुरला.

“बाई, ती आली तर जीव घेईल,” मी म्हणालो.

“कोळसा धरून ठेवतो ते. सगळं नाही. थोडं. उभे काय राहिलात, पाइप धरा.”

मी पाइप धरला. निम्मा वाफा झाला असेल, एवढ्यात आहेर घरीच विसरला म्हणून काकीची रिक्षा परत आली. काकी साखरपुड्याच्या साडीत होती. तिने मोडलेलं कुंपण पाहिलं, तुडवलेला वाफा पाहिला, काळी माती पाहिली, आणि पायातली चप्पल तिथेच टाकून धावत आली.

“हो बाजूला! माझ्या वाफ्यात पाय! कोणाला इचारून?”

“तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.”

“न्हायच म्हनाले असते! माझा बी हाय!”

“मग मारताय कशाला त्याला?”

बाईंच्या हातात पाल्याचा भारा होता. काकीने तो ओढला. बाईंनी सोडला नाही. दोन म्हाताऱ्या बायका रानमोडीच्या एका भाऱ्यावरून चिखलात हिसकाहिसकी करतायत, आणि मी हातात पाइप घेऊन मधे उभा, पाणी माझ्याच पायावर. तोडलेल्या काड्यांची टोकं तासलेली होती. बाईंचा तळवा सरकन कापला गेला आणि रक्ताची धार लागली.

काकी थबकली. मग खालच्या भाऱ्यातला मूठभर पाला ओरबाडून तिने तळहातावर चुरगळला आणि बाईंचा हात खेचून त्यावर थापला, जोरात, जणू मारतेच आहे. “धरा दाबून. आन निघा.”

बाई हात दाबून उभ्या राहिल्या. रक्त थांबलं. “याला हे बरं कळतं,” त्या पाल्याकडे बघत म्हणाल्या. मग उरलेल्या निम्म्या वाफ्याकडे बोट केलं. “तेवढा राहिलाय.”

“त्याला हात लावलात तर पोलिसांत जाईन,” काकी म्हणाली. आणि त्या अर्ध्याला तिने कुणालाच हात लावू दिला नाही. मलाही नाही. स्वतःही लावला नाही.

धुतलेल्या अर्ध्यात रोपं आली. दाट नाहीत, टप्प्याटप्प्याने, अशक्त, पण आली. उरलेल्या अर्ध्यात काहीच आलं नाही. मधोमध रेघ मारावी तसा तो वाफा दिसत होता, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळेल असा. इतकी वर्षं करवंट्यांकडे न बघणारे लोक आता थांबून थांबून बघत. काकीने हिरवी जाळी टाकून ती बाजू झाकायचा प्रयत्न केला, मग सोडून दिलं.

तो कांदा तिने एकही विकला नाही. सगळा बियाण्याला ठेवला. पुढच्या थंडीत पुन्हा लावला, गोंडे आले, आणि त्या उन्हाळ्यात डब्यात पुन्हा काळं बी पडलं. वाडीच्या गडग्यावरून बाई रोज गोंडे बघत. काकी पाठ करून काम करी. दोघी एक शब्द बोलल्या नाहीत.

गावात आता सांगतात की दिघेबाईंनी हिराबाईचा कांदा वाचवला. सांगू देत. मी त्या वेळी तिथे होतो. अर्धा वाफा त्यांनी वाचवला, आणि उरलेला अर्धा त्यांच्याच जिभेने घालवला. गडग्यावरून पहिल्याच दिवशी “हिराबाई, जरा इकडे या हो” एवढं म्हणाल्या असत्या तर काकीने सगळा पाला त्याच दुपारी उचलला असता. एवढं ज्ञान होतं त्या बाईकडे, मुळाच्या टोकाला काय होतं ते कळत होतं, आणि समोरच्या बाईला काय होतं ते कळत नव्हतं. याचा राग माझ्या मनातून जात नाही.

मग बाईंचे गुडघे गेले. खाली बसता येईना. पुतण्या ठाण्याहून येऊन म्हणाला, आता पुरे. वाडी मुंबईच्या एका गृहस्थाला विकली. त्याने त्यांच्यासमोर मान डोलावली की इथलं काही बदलणार नाही, आणि पहिल्याच पावसात सुपाऱ्या तोडून सगळीकडे पिवळ्या फुलांची ती शोभेची वेल पसरवली, जी खालचं गवतसुद्धा जगू देत नाही. आता ती आमच्या कुंपणातून आत येऊ लागली आहे. उपटायची मलाच लागते.

त्या निघाल्या त्या सकाळी फाटकाशी टॅक्सी उभी होती. मांडव्याहून बोट गाठायची होती. आळीतलं एकही दार उघडलं नाही. मीही गेलो नसतो, पण बायकोने ट्रंका उचलायला पाठवलं. बाई गाडीत बसल्या, सूक्ष्मदर्शक मांडीवर घेऊन. मी दार लावणार तेवढ्यात काकी आली. हातात कापडाची बारकी पुरचुंडी. ती तिने सूक्ष्मदर्शकाच्या पेटीवर ठेवली.

“काय आहे हे?” बाईंनी विचारलं.

“बी.”

पोरींना न दिलेलं बी.

“मला कशाला?” बाई म्हणाल्या. “मी पाचव्या मजल्यावर राहायला चालले आहे. तिथे माती नाही. वर्षाच्या आत मरेल हे.”

“मरू दे.”

“अहो, फुकट जाईल.”

“अर्धा वाफा तुमी धुतलात. त्यातला तुमचा वाटा हाय ह्यो. तुमचा तुमी काय पन करा. माझ्यावर उपकार नको.”

बाईंनी गाठ सोडली. चार दाणे तळहातावर घेतले, त्या जुन्या जखमेच्या व्रणाशेजारी, बोटाने फिरवून पाहिले आणि डोळ्यांजवळ नेले.

“पोचट आहे,” त्या म्हणाल्या. “नीट पाखडलं नाहीत.”

“तुमाला द्यायचा म्हनून पोचटच दिला,” काकी म्हणाली.

बाईंनी ते चार दाणे एकेक करून पुन्हा कापडात टाकले, गाठ मारली, आणि पुरचुंडी रेनकोटाच्या आतल्या खिशात ठेवली. ड्रायव्हरला म्हणाल्या, “चला, बोट तुमच्यासाठी थांबणार नाही.” गाडी निघाली. त्यांनी मागे वळून बघितलं नाही, काकीनेही हात केला नाही.

गाडी वळणाआड गेल्यावर काकीने पदराने तोंड पुसलं आणि घराकडे चालू लागली. मी तिच्या बरोबरीने चाललो होतो. आपल्या दारापाशी आल्यावर ती थांबली.

“एक दाना पोचट न्हवता त्यात,” ती म्हणाली. “निवडून निवडून घातलेला. खोटा बोलली मेली.”